आयोवे : चेहरा आणि नकाशा

मराठीत ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. रंगरेषांनी काढलेले तेही व्यक्तिचित्र आणि शब्दांतून उभे केलेले तेही व्यक्तिचित्रच. दोन्हींच्या बाबतीत वर्गात आम्ही विचारतो तो प्रश्न बहुधा एकच असतो : चित्रकाराने, लेखकाने हा माणूस कसा उभा केला आहे? ज्याचे चित्र काढले गेले त्याला स्वतःला काय सांगायचे होते, हा दुसरा प्रश्न राहून जातो. अमेरिकेतील आयोवे ह्या आदिवासी जमातीची एकोणिसाव्या शतकातील चित्रे पाहताना ह्या राहून गेलेल्या प्रश्नाने आम्हांला अस्वस्थ केले.

आयोवे लोक स्वतःला बाखोजे म्हणवतात. मिसिसिपी आणि मिसूरी ह्या दोन नद्यांमधील मुलुखात त्यांची जुनी वस्ती होती. आजच्या आयोवा राज्याला नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच. १८२४ साली त्यांचा प्रमुख महास्का करारासाठी वॉशिंग्टनला गेला. थॉमस मॅकेनी हा तेथील आदिवासीविषयक खात्याचा अधिकारी भेटीस येणाऱ्या प्रमुखांची चित्रे चार्ल्स बर्ड किंग ह्या चित्रकाराकडून करवून घेत असे. महास्का आणि त्याची पत्नी रँटचेवेमे ह्यांची चित्रे किंगने काढली ती ह्याच भेटीत. पुढे मॅकेनी आणि जेम्स हॉल ह्यांनी अशा चित्रांचे शिळाछाप आणि सोबत चरित्रे असा तीन खंडांचा ग्रंथ १८३६ ते १८४४ ह्या काळात प्रसिद्ध केला. किंगची बहुतेक मूळ चित्रे १८६५ साली स्मिथसोनियन संस्थेच्या इमारतीला लागलेल्या आगीत जळून गेली. आज आपल्यापुढे येतात त्या बहुतांशी प्रतींच्या प्रती.

ह्या ग्रंथात एक हकीकत दिली आहे. महास्काचा मुलगा मोठा झाल्यावर वॉशिंग्टनला आला असता त्याला हा चित्रसंग्रह दाखवण्यात आला. आई वारली तेव्हा तो अगदी लहान होता. चित्रातली ती स्त्री त्याने ओळखली, आणि ओळखीची खूण ठरला तिच्या हातातला पिसांचा पंखा. चित्रकाराच्या दृष्टीने हा पंखा कदाचित वेशभूषेचा तपशील असेल. मुलाच्या दृष्टीने तीच आई. एकाच चित्राची ही दोन वाचने आहेत, आणि समीक्षेने आजवर पहिल्याच वाचनाचा अभ्यास केला, असे आमचे मत आहे.

दुसरा चित्रकार जॉर्ज कॅटलिन. १८४४ साली चौदा आयोवे इंग्लंडला गेले आणि कॅटलिनच्या चित्रप्रदर्शनात तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांपुढे त्यांचे नाच होऊ लागले. त्यांचा प्रमुख होता महास्काचाच एक मुलगा, ‘व्हाइट क्लाउड’. त्याचे कॅटलिनने काढलेले चित्र आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. १८४५ साली ही मंडळी पॅरिसला पोचली. राजा लुई फिलिपने त्यांची भेट घेतली, जॉर्ज सँड ह्या लेखिकेने त्यांच्यावर लिहिले. १८४६च्या पॅरिसमधील प्रदर्शनात कॅटलिनने ‘लिटल वुल्फ’ ह्या आयोवे योद्ध्याचे चित्र मांडले आणि तरुण बोदलेरने त्याची मनापासून प्रशंसा केली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला बोदलेरचा हा अभिप्राय ठाऊक असण्याचा संभव आहे. पण ह्या लिटल वुल्फचे तान्हे मूल ब्रिटनच्या दौऱ्यात दगावले होते, आणि त्याची पत्नी ओकीवीमी १८४५ साली पॅरिसमध्येच मरण पावली होती. मोंमार्त्रच्या दफनभूमीत तिला पुरले. रसिक ज्या चेहऱ्यावर ‘आदिम’ भव्यता शोधत होते तो पत्नी आणि मूल गमावलेल्या माणसाचा चेहरा होता. चित्रकाराचे कौशल्य जाणण्यासाठी ही माहिती कदाचित अनावश्यक असेल. माणूस जाणण्यासाठी ती अनावश्यक कशी म्हणता येईल?

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. १८३७ साली आयोवे पुन्हा वॉशिंग्टनला गेले. साक आणि फॉक्स ह्या जमातींनीही त्याच भूमीवर हक्क सांगितला होता. ह्या खेपेस किंगने नो हार्ट ह्या आयोवे प्रमुखाचे चित्र काढले. परंतु नो हार्टने स्वतःही एक चित्र बरोबर आणले होते. तो होता नकाशा. त्यात नद्यांचे जाळे आहे, पूर्वजांच्या गावांच्या खुणा आहेत आणि एका गावाहून दुसऱ्या गावी झालेल्या स्थलांतराच्या वाटा आहेत. आम्ही येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो, हे विधान त्याने रेषांनी मांडले. आमच्या मते हेच आयोवेंचे आत्मचित्र; त्यात चेहरा एकही नाही, पण सबंध जमात आहे.

हा पुरावा कामी आला नाही. १८३८च्या करारान्वये आयोवेंनी दोन नद्यांमधील भूमीवरचा हक्क सोडला. चेहऱ्याचे चित्र देखण्या ग्रंथात गेले, नकाशा सरकारी दप्तरात राहिला. एकाच माणसाच्या एकाच भेटीतून निघालेल्या ह्या दोन चित्रांपैकी कोणते जगाला हवेसे वाटले, हे पुरेसे बोलके आहे.

किंग आणि कॅटलिन नसते तर हे चेहरेही उरले नसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्हांला मान्य आहे. आयोवे लोक आज कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर आणि ओक्लाहोमात राहतात; पूर्वजांचे चेहरे त्यांनाही ह्याच चित्रांतून पाहावे लागतात. म्हणून ही चित्रे बाजूला सारा, असे आमचे म्हणणे नाही. किंगच्या चित्राशेजारी नो हार्टचा नकाशा ठेवावा आणि विद्यार्थ्यांना दोन्ही वाचायला सांगावे, एवढेच म्हणणे आहे. पुढे एखादे शब्दचित्र शिकवताना, लेखकाने रंगवलेल्या माणसाने स्वतः काही मांडून ठेवले आहे काय, हा शोध मग आपोआप सुरू होईल.