नवा थर्मोस्टॅट, जुना ताप
गेल्या रविवारी आम्ही अंगणातच मोटारीचा थर्मोस्टॅट बदलला व मिस्त्रीची मजुरी वाचविल्याच्या आनंदात इंदूरहून महूकडे निघालो. राऊ येण्यापूर्वीच काटा लाल रेषेला भिडला! "जुनाच बरा होता," सौभाग्यवती म्हणाल्या.

घरी तो काढून तापत्या पाण्यात धरला. ८२ अंशांपुढे निमूटपणे उघडला. स्प्रिंगही इंजिनाच्याच बाजूस होती. घोटाळा आत कोंडलेल्या हवेचा! हवेच्या पोकळीत थर्मोस्टॅटमधील मेण पुरेसे तापत नाही, झडप मिटलेलीच राहते. हीटरचा वारा गारच येत होता. ती खूण आम्हांस उमगली नव्हती.

तो पुन्हा बसवून, थंड इंजिनाचे झाकण काढले (तापल्यावर उघडाल तर हात भाजेल), गाडीचे तोंड चढावर ठेवले व हीटर लावून इंजिन मंद चालविले. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट ओतीत राहिलो. बरेच मावले!