एका बाईच्या हाती किती मुले?

एका स्त्रीने एका वेळी किती लहान मुले सांभाळावीत, हा प्रश्न वरवर पाहता घरातला, फार तर शेजारपाजारचा वाटतो. राजकीय पक्षांनी आणि कामगार संघटनांनी त्यात लक्ष घालण्यासारखे काय आहे, अशी शंकाही पुष्कळांच्या मनात येईल. परंतु इंग्लंडमध्ये 2013 पासून याच प्रश्नावरून मंत्री एका बाजूला आणि पालक व बालसंगोपनाचे काम करणाऱ्या स्त्रिया दुसऱ्या बाजूला, असा झगडा पुनःपुन्हा उभा राहिला आहे. तो समजून घेतला, तर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमधून चालणाऱ्या घरगुती पाळणाघरांकडे पाहण्याची दृष्टीही अधिक स्वच्छ होईल.

स्वतःच्या घरी, मोबदला घेऊन, इतरांची मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीस इंग्लंडमध्ये 'चाइल्डमाइंडर' म्हणतात. या व्यवसायात बहुतेक सर्व स्त्रियाच आहेत. त्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा ॲटली यांच्या मजूर सरकारच्या काळात, 1948 साली झाला. 1989 च्या बालक कायद्याने हे नियंत्रण अधिक काटेकोर केले आणि 2001 पासून तपासणीचे काम 'ऑफस्टेड' या सरकारी यंत्रणेकडे आले. आजचा नियम असा : एका बाईने आठ वर्षांखालील जास्तीत जास्त सहा मुले सांभाळावीत, त्यांपैकी शाळेच्या वयाला न पोहोचलेली तीनच असावीत आणि एक वर्षाखालचे तान्हे मूल एकच असावे. तिची स्वतःची लहान मुलेही या हिशेबात धरली जातात. भावंडे किंवा स्वतःचे मूल अशा प्रसंगी तीनच्या अटीला सवलत आहे. पण सहाचा आकडा ओलांडता येत नाही.

या बाईने मदतनीस ठेवली तर काय, हा पुढचा प्रश्न. तिथेही नियम माणसामागेच मोजतो. दोघी असतील तर बारा मुले, त्यांत सहा शाळेआधीची आणि दोन तान्ही. हिशेब घराच्या खोल्यांवर किंवा बाईच्या अनुभवावर होत नाही. प्रत्यक्ष हजर असलेल्या हातांवर होतो. म्हणूनच मोठ्या मुलांना शाळेतून आणण्यासाठी मुख्य बाई घराबाहेर पडली, तर मागे राहिलेल्या मदतनिशीजवळ एका माणसाच्या प्रमाणात बसतील एवढीच मुले ठेवता येतात. तेही पालकांची आगाऊ परवानगी असेल तरच, दिवसातून दोन तासांपर्यंतच, आणि मदतनिशीने लहान मुलांच्या प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले असेल तरच. हा सारा तपशील कंटाळवाणा वाटेल. पण जिना चढू पाहणारे एक मूल, शी झालेले दुसरे आणि दूध पाजायचे तिसरे, अशी तिन्ही एकदम समोर आली की त्या कंटाळवाण्या तपशिलाची किंमत कळते.

आता झगड्याकडे वळू. इंग्लंडमध्ये बालसंगोपन अतिशय महाग आहे. त्यावर हुजूर पक्षाच्या मंत्र्यांनी वारंवार सुचवलेला उपाय असा की, प्रमाण सैल करा, म्हणजे तेवढ्याच बायका जास्त मुले सांभाळतील आणि दर उतरतील. जानेवारी 2013 मध्ये तत्कालीन राज्यमंत्री एलिझाबेथ ट्रस यांनी चाइल्डमाइंडरला तीनऐवजी चार लहान मुले आणि एकाऐवजी दोन तान्ही मुले सांभाळू द्यावीत, असा प्रस्ताव मांडला. पालकांनी आणि बालसंगोपन करणाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला. आघाडी सरकारमधील उपपंतप्रधान निक क्लेग यांनीही पाठिंबा काढून घेतला, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तो प्रस्ताव बारगळला. 2022 मध्ये हीच कल्पना पुन्हा डोके वर काढू लागली. अखेर सप्टेंबर 2023 पासून बालवाड्यांमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी एकास चार हे प्रमाण एकास पाच करण्यात आलेच. याच सुमारास सरकारने नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्याला तीस तासांपर्यंत शासकीय खर्चाने संगोपन देण्याची योजना जाहीर केली आणि ती सप्टेंबर 2025 पर्यंत टप्प्याटप्प्याने अमलात आणली. खर्चाचा काही वाटा उचलण्याची तयारी दाखवायची आणि त्याच वेळी कामाचा बोजा वाढवायचा, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

या युक्तिवादाची ओळख मुंबईच्या कामगाराला करून द्यावी लागणार नाही. 1928 साली गिरणीमालकांनी 'कार्यक्षमता' या गोंडस नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग सांभाळायला सांगितले होते. त्या वेळी सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशी हीच मागणी होती. माग वाढले, पण हात दोनच राहिले, हे त्या कामगारांनी आपल्या अंगावर अनुभवले होते. मूल सांभाळणाऱ्या स्त्रीला तीनऐवजी चार मुले घे म्हणणे हे त्याच जातीचे कामवाढीचे तंत्र आहे. फरक एवढाच की, मागाचा धागा तुटला तर कापड खराब होते. इथे धागा तुटतो तो एका अजाण जीवाचा. मागावरील बोजा वाढला तर विणकर संप करू शकतो. दोन वर्षांच्या मुलाला संप करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने कायद्याने आकडा ठरवून द्यावा लागतो. तो आकडा ही नोकरशाहीची लहर नव्हे. ती मुलाची आणि त्याला सांभाळणाऱ्या स्त्रीची, दोघांचीही कामाच्या तासांइतकीच मूलभूत हमी आहे.

तथापि केवळ आकडा राखला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रमाण कडक आणि सरकारी पैसा तोकडा, अशी स्थिती असेल तर एक तर दर वाढतात किंवा सांभाळणारीची कमाई घटते. इंग्लंडमध्ये 2012 साली पन्नास हजारांहून अधिक नोंदणीकृत चाइल्डमाइंडर होत्या. 2024 पर्यंत ही संख्या जवळपास निम्म्यावर आली. ज्या कामात जबाबदारी डोंगराएवढी आणि प्राप्ती राईएवढी, ते काम स्त्रिया सोडून देतात, हा त्याचा सरळ अर्थ आहे. सरकारचा तोडगा सोयीसवलतींचा आहे : नोव्हेंबर 2024 पासून एका घरी तीनऐवजी चार जणांना एकत्र काम करण्याची मुभा मिळाली. ही मुभा वाईट नव्हे, कारण माणसामागचे प्रमाण तिने बदललेले नाही. परंतु वाढीव माणसाचा पगार कोण देणार, याचे उत्तर तिच्यात नाही.

येथेच मदतनीस या व्यक्तीचा विचार करणे भाग आहे. नोंदणी असते मुख्य बाईच्या नावाने. मदतनिशीच्या चारित्र्याची चौकशी होते, पण ती स्वतः नोंदणीकृत नसते. प्रमाणाच्या हिशेबात ती पूर्ण माणूस आहे; तिच्या उपस्थितीमुळेच मुलांची संख्या दुप्पट होऊ शकते. कायदा तिचे हात मोजतो. तिला पोटापुरते मिळते की नाही, याची चिंता प्रमाणाच्या नियमात कुठेच नाही. श्रमिक स्त्री नोकरीवर जाऊ शकते ती दुसऱ्या श्रमिक स्त्रीच्या बळावर, आणि ती दुसरी स्त्री उभी असते तिसरीच्या आधारावर. या साखळीतील शेवटची कडी सर्वांत स्वस्त ठेवायची, हाच प्रमाण सैल करण्यामागचा खरा अर्थ आहे.

हीच साखळी महाराष्ट्रात अधिक उघडीनागडी दिसते. दादर, डोंबिवली, पिंपरी-चिंचवड, नाशिक अशा शहरांतून हजारो आया सकाळी आपले मूल एखाद्या काकूंच्या घरी सोपवून गाडी पकडतात. त्या काकूंच्या हाताखाली एखादी बाई असते. ती मुलांचे कपडे बदलते, त्यांना भरवते, लादी पुसते. तिला 'मदतीची बाई' याखेरीज नाव नसते. पाळणाघराविषयी कायदे झाले ते आस्थापनांसाठी. 1948 च्या कारखाने कायद्याने तीसहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती केली. 2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांची अट घातली आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तीच ठेवली. या कायद्यांपैकी एकानेही काकूंच्या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. सरकारच्या स्वतःच्या योजनेतील पाळणाघरात पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस असा हिशेब आहे, आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, 'मानधन'. 1975 पासून अंगणवाडी चालवणाऱ्या सेविकांना आणि मदतनिशींना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य होण्यासाठी एप्रिल 2022 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली, एवढे सांगितले तरी पुरे.

यावर इंग्लंडचा नियम उचलून येथे लादावा, असे कोणी म्हणेल तर ते चुकीचे होईल. दोन खोल्यांच्या घरात आठ-दहा मुले सांभाळून संसार चालवणाऱ्या विधवेवर उद्या निरीक्षक सोडला, तर एकच गोष्ट घडेल : हप्ता सुरू होईल किंवा पाळणाघर बंद पडेल, आणि मुले कुलूपबंद घरात थोरल्या बहिणीच्या हवाली होतील. ती बहीण शाळेला मुकेल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोंदणी, तीही विनाशुल्क आणि विनाधाक. तिच्याबरोबर प्रथमोपचाराचे शिक्षण आणि मुलांमागे नगरपालिकेचे अनुदान. अनुदान हातात पडल्यावर प्रमाणाची सक्ती, आणि ती माणसामागेच. तान्ह्यांसाठी वेगळी आणि कडक. मदतनीस मुलांच्या हिशेबात धरली की ती किमान वेतनाच्या हिशेबातही धरलीच पाहिजे, ही अट त्या नियमाचाच भाग असावी.

1972 साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी लाटणे हाती घेऊन मोर्चे काढले, तेव्हा स्वयंपाकघरातला प्रश्न राजकारणाचा झाला. पाळण्याचा प्रश्नही आता त्याच वाटेने रस्त्यावर आला पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील पाळणाघरांची यादी करावी; मुले किती, हात किती, मदतनिशीला मिळते काय, याची विचारपूस तपासनिसाच्या नव्हे, शेजाऱ्याच्या नात्याने करावी. काकू, मदतनीस आणि आई यांना एका बैठकीत एकत्र बसवावे. कारण दर वाढला की आई काकूंवर रागावते आणि पगार मागितला की काकू मदतनिशीवर, आणि ज्याने पैसा द्यायचा ते सरकार नामानिराळे राहते. या तिघींचे हितसंबंध परस्परविरोधी नाहीत, हे त्यांना पटवून देणे हेच समाजवादी कार्यकर्त्याचे पहिले काम आहे. मूल वाढवण्याचा खर्च समाजाने उचलायचा की तो कोणा एका गरीब बाईच्या दोन हातांवर टाकायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.