दहा मिनिटांचे राष्ट्रकार्य

युद्ध सैन्य लढते, परंतु सैन्याचे मनोबल समाज घडवतो. हे वाक्य भाषणांतून अनेकदा ऐकू येते. ते आचरणात कसे उतरते, याचे उत्तर अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या नॉर्थ प्लॅट या जेमतेम बारा हजार वस्तीच्या गावाने दुसऱ्या महायुद्धात दिले. ते उत्तर भारतीय समाजानेही समजून घ्यावे असे आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. दहाच दिवसांनी, १७ डिसेंबरला, नॉर्थ प्लॅटच्या रेल्वे स्थानकावर सुमारे पाचशे माणसे जमली. नेब्रास्का नॅशनल गार्डची ‘डी’ कंपनी, म्हणजे गावचीच मुले, त्या मार्गाने जाणार अशी वार्ता होती. आईबापांनी खाऊ आणि भेटवस्तू आणल्या होत्या. गाडी आली, पण ती कंपनी कॅन्सस राज्याची निघाली. ही मुले ना गावची होती, ना राज्याची. क्षणभर सारे स्तब्ध झाले आणि मग आणलेले सर्व काही त्या अनोळखी जवानांच्या हाती देण्यात आले.

‘माझा मुलगा’ या भावनेचे ‘देशाचा मुलगा’ या भावनेत रूपांतर होण्याचा तो क्षण होता. राष्ट्रभाव असाच विस्तारतो. कुटुंबाचे प्रेम त्याने नाकारलेले नसते, त्या प्रेमाची कक्षा फक्त वाढवलेली असते.

मात्र या घटनेचे खरे मोल त्यानंतर जे घडले त्यात आहे. दुकानात काम करणारी २६ वर्षांची रे विल्सन ही तरुणी त्या गर्दीत होती. तिचा भाऊच अपेक्षित कंपनीचा प्रमुख होता. तिने दुसऱ्याच दिवशी स्थानिक वृत्तपत्रात पत्र लिहून येणाऱ्या प्रत्येक गाडीचे असेच स्वागत करण्याची कल्पना मांडली. २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, काम सुरू झाले. युनियन पॅसिफिक रेल्वेने स्थानकातील उपाहारगृहाची जागा दिली. प्रकृतीच्या कारणाने रे विल्सनला लवकरच नेतृत्व सोडावे लागले, तरीही काम थांबले नाही. व्यक्ती बाजूला झाल्यावरही जे चालू राहते, त्यालाच संघटन म्हणतात.

वाफेच्या इंजिनाची देखभाल आणि पाणी भरणे यांसाठी गाडी तेथे दहा-पंधरा मिनिटे थांबे. तेवढ्या अवधीत शेकडो जवानांना कॉफी, दूध, सँडविच, उकडलेली अंडी, केक आणि मासिके दिली जात, तीही विनामूल्य. ज्याचा वाढदिवस असेल त्याला स्वतंत्र केक मिळे. दिवसाकाठी तीन ते पाच हजार जवान येत. सुमारे १२५ गावांनी दिवस वाटून घेतले होते. काही गावे शंभराहून अधिक मैल दूर होती. १ एप्रिल १९४६ रोजी काम थांबले, तोवर सुमारे ५५ हजार स्वयंसेवकांनी, त्यातही मुख्यतः स्त्रियांनी, साठ लाखांच्या आसपास जवानांचे आतिथ्य केले होते.

अमेरिका संपन्न होती, तिला हे परवडले, असे म्हणून विषय टाळता येणार नाही. साखर आणि कॉफीवर तेव्हा नियंत्रण होते. गृहिणी आपल्या घरची साखर वाचवून केक करीत. सरकारी अनुदान नव्हते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी पाठवले ते स्वतःचे पाच डॉलर. बाकी पैसा भंगार विकून, लिलाव करून उभा राहिला. एका लहान मुलाने तर गुरांच्या बाजारात अंगातला सदरा काढून लिलावात विकला. त्या काळी अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात. या स्थानकावर मात्र गणवेशातील प्रत्येकाला सारखाच पाहुणचार मिळे. जेथे सेवा खरी असते, तेथे भेद टिकत नाहीत.

भारतीय समाजाला हे परके नाही. १९६५च्या युद्धकाळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या आवाहनानुसार असंख्य घरांनी सोमवारी सायंकाळची चूल बंद ठेवली. १९९९च्या कारगिल युद्धात शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले. भावना उणी कधीच नव्हती. उणीव राहते ती सातत्याची. युद्ध संपते, फलक उतरतात आणि जवान पुन्हा वृत्तपत्राच्या आतल्या पानावर जातो. १९४९पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. किती सुशिक्षित कुटुंबांत त्या दिवसाची आठवण असते?

आज स्थानकावर शिदोरी घेऊन उभे राहण्याची गरज कदाचित नसेल. परंतु रजेवर आलेल्या जवानाचे निम्मे दिवस तलाठी कार्यालयाच्या फेऱ्यांत जातात, गावी एकट्या राहिलेल्या त्याच्या आईला रुग्णालयात नेणारे कोणी नसते, आरक्षण नसलेला जवान डब्याच्या दाराशी ट्रंकेवर बसून रात्र काढतो आणि सहप्रवासी त्याला ओलांडून जातात. येथे सरकारी आदेशाची वाट कशाला पाहायची? प्रत्येक वस्तीने आपल्या परिसरातील सैनिक कुटुंबांची यादी करावी, वार वाटून घ्यावेत आणि ते वर्षानुवर्षे पाळावेत. काम लहान आहे, परंतु न चुकता करायचे आहे.

नॉर्थ प्लॅटचे ते स्थानक १९७३ मध्ये पाडण्यात आले. तरीही २०१८च्या जून महिन्यात अर्कान्सास नॅशनल गार्डचे सुमारे ७०० जवान बसगाड्यांनी त्या मार्गाने निघाले, तेव्हा गावकरी पुन्हा अन्न घेऊन उभे राहिले. त्यांतील बहुतेकांचा जन्म महायुद्धानंतरचा होता. आजी-आजोबांनी वाटून घेतलेले वार नातवंडांच्या अंगवळणी पडले होते.