संपादकसाहेब, बातमी आम्ही आणून देऊ!



आमच्या युनियनचा अभ्यासवर्ग दर रविवारी भरतो. मीही तिथला एक विद्यार्थी. चौथीत सुटलेली शाळा आता पस्तिशीत पुन्हा धरली आहे. परवाच्या रविवारी गावातल्या एका दैनिकाचे संपादक पाहुणे म्हणून आले. माणूस सज्जन. आमच्यासंगे सतरंजीवर बसले, चहा घेतला, तासभर बोलले. त्यांच्या बोलण्याचे सार एवढेच, की वर्तमानपत्र कोणाच्या बाजूचे नसते. दोन्ही बाजू छापायच्या आणि निवाडा वाचकावर सोडायचा.

मला राहवले नाही. उभा राहून विचारले, "साहेब, गेल्या साली कार्डिंग खात्यात एका पोराची तीन बोटे गेली. तुमच्या पेपरात दोन ओळी आल्या, 'किरकोळ अपघात'. बोटे तुटली ती किरकोळ कशी? आणि सीमाभागाच्या मोर्चाला तर त्या दोन ओळीही नाहीत!"

संपादक रागावले नाहीत. म्हणाले, "अपघाताची माहिती मालकाच्या हापिसातून टाइप होऊन त्याच संध्याकाळी आमच्या टेबलावर आली. तुमच्याकडून कोण आले? आणि मोर्चाचे म्हणाल, तर दरसाल तोच मोर्चा, त्याच घोषणा. त्यात बातमी कुठली?"

वर्गात गलका झाला. मीही तापलो. पण रात्री पाळीला उभा राहिलो, तुटले धागे सांधता सांधता विचार करू लागलो, तेव्हा कळले, की त्यांचे निम्मे खरे आहे नि निम्मे खोटे.

खोटे ते आधी सांगतो. एका बाजूला हापीस, टायपिस्ट आणि जाहिरातीचा पैसा. दुसऱ्या बाजूला आठ तास उभा राहून पाय सुजलेला माणूस. ह्या दोन बाजू सारख्या कशा? मधे उभा राहणारा नकळत जड पारड्याकडेच कलतो. आणि मोर्चा तोच का निघतो? तर अन्याय तोच आहे म्हणून! १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातले. २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला. दुखणे जुने झाले म्हणजे दुखायचे थांबते काय?

आता खरे ते. आपल्याकडून कोणीच गेले नव्हते! तीन बोटे गेली तेव्हा आपण गेटवर घोषणा दिल्या, चंदा जमवला आणि घरी गेलो. चार ओळी लिहून पेपरात नेऊन द्यायचे कोणाला सुचले नाही.

आपले बाप-आजे असे नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीतले स्टोअरकीपर. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' पत्र मुंबईत चालवले. १८८४ साली सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या कशा होत्या पाहा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झाल्यास भरपाई. नुसता "अन्याय, अन्याय" नाही. दिवस, तास, तारीख! १८९० साली रविवारची सुटी मिळाली. पुढे १९५५ च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनवर गोळ्या चालल्या, आणि १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांनी 'मराठा' दैनिक काढले. लढ्याला स्वतःचे तोंड लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

म्हणून माझे सांगणे असे. दर खात्यात, दर पाळीत एकाने वही ठेवावी. अपघात झाला, की खाते, वेळ, यंत्र, किती दिवस पगार बुडाला, सगळे त्याच दिवशी लिहावे आणि पेपरात पोचवावे. सीमाभागातल्या भावांनीही "निषेध" एवढेच लिहू नये. कोणत्या गावात मराठी शाळेला मास्तर नाही, कोणाच्या हातात न वाचता येणारा सातबारा दिला, ते गावानिशी लिहावे. अक्षर वाकडे असले तरी चालेल, आकडा सरळ पाहिजे.

एवढे करूनही पेपरात जागा मिळाली नाही, तर मग संपादकसाहेब, "दोन्ही बाजू" हा शब्द पुन्हा आमच्यापुढे काढू नका. मग आमचे पत्रक आम्ही छापू आणि गेटवर विकू!

बेळगाव, कारवार, निपाणीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!