सुनेच्या माहेरचे दहा शब्द

सुट्टीला आलेली माझी पुण्याची भाची मोबाईलवर स्पॅनिश शिकत होती. पाण्याला 'आग्वा', पावाला 'पान'. "मावशी, रोज पाचच शब्द, पण न चुकता," म्हणाली. कौतुक वाटलं. आणि मनात आलं, आपल्या शिरोळहून एसटीत बसलं की तासाभरात कर्नाटक लागतं. चिकोडी, अथणी, रायबागशी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सोयरिकी. तरी आपल्यातल्या कितीजणींना पाण्याला कानडीत 'नीरु' म्हणतात हे ठाऊक आहे?

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो ना? आम्ही काही बायका पूरग्रस्तांच्या छावणीत मदतीला होतो. लेकीकडे आलेली एक कानडी आजी सारखी "होट्टी, होट्टी" म्हणत होती. आम्हाला वाटलं, ओठ सुकलेत म्हणते. आम्ही आपलं पाणीच पाजतोय! शेवटी कोपऱ्यात बसलेली एक नवी सून पुढं आली. "होट्टी म्हणजे पोट. आजींचं पोट दुखतंय." लगेच डॉक्टरांना बोलावलं. त्या सुनेची सासू माझ्या शेजारीच उभी होती. "आमची ही तर घुमी आहे, बोलतच नाही," असं ती तासाभरापूर्वी मला सांगत होती.

मैत्रिणींनो, ती पोर घुमी नव्हती. तिची भाषा बोलायला घरात कुणी नव्हतं, एवढंच. सून आली की तिनं मराठी शिकायचं, हे आपण गृहीतच धरतो. ती शिकतेही. पण सासूनं, नणंदेनं तिचे चार शब्द शिकले तर काय बिघडतं?

आणि हे अवघड नाही. त्या सुनेकडूनच मी शिकले, तेव्हा कळलं. पुस्तकातली लांबलचक यादी पाठ करू नका, दोन दिवसांत विसरते. घरात रोज लागतात ते शब्द आधी घ्या. 'बेकु' म्हणजे पाहिजे. तो एक शब्द आला की नीरु बेकु, हालु बेकु, उप्पु बेकु. पाणी, दूध, मीठ सगळं मागता येतं. मग 'साकु' म्हणजे पुरे, 'एल्लि' म्हणजे कुठे, 'एष्टु' म्हणजे किती. नवा शब्द ओळखीच्या खुंटीला अडकवायचा. आपलं तूप तिकडे 'तुप्प'. आपला अडकित्ता तर थेट कानडीतून आलेला. 'अडके' म्हणजे सुपारी. अण्णा, अक्का तर दोन्हीकडे तेच!

सकाळी शिकलेला शब्द संध्याकाळी ताट वाढताना वापरायचा, दुसऱ्या दिवशी परत, मग चार दिवसांनी. तोंडातून निघाला तरच तो आपला होतो. सुनेला जेवताना विचारा, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? विहीणबाई आल्या तर शेवटी 'री' लावायला विसरू नका, "ऊटा आतेन्री?" तो आपल्या 'अहो'सारखा मान आहे.

चुकाल, सून हसेल. हसू द्या. तिचं मराठी चुकतं तेव्हा आपणही हसतोच की! मात्र तिला चारचौघांत हसायचं नाही, एवढं पथ्य पाळा. एकदा लाजली की ती महिनाभर तोंड उघडत नाही.

आमच्या बचत गटात आता दर बैठकीला दोन कानडी शब्द घेतो. शिकवणाऱ्या सुनाच. पूर्वी दाराशी बसणारी पोर आता पुढं बसते. स्पॅनिश शिकणाऱ्या भाचीचं कौतुक आहेच. पण आज रात्री ताट वाढताना घरातल्या सुनेला एवढं तरी विचारून बघा, "तुप्प बेकु?" तिचा चेहरा बघा, मग मला सांगा.