छडी गेली, गुणवाचन राहिलें

वर्गांत एकावर शिक्षक रागावले कीं भलत्याच बाकावरील मुलाचे डोळे भरून येतात. अशा मुलास ‘रडवा’ ठरवून आपण मोकळे होतों. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. इलेन ॲरन यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या स्वभावाचें विवेचन आहे. त्यांच्या मतें हा रोग नव्हे, उपजत प्रकृति होय. असें मूल प्रत्येक गोष्ट खोलवर मनास लावून घेतें, म्हणून गोंगाटानें व अपमानानें लवकर शिणतें. (निबंध मात्र बहुधा अशींच मुलें सुरेख लिहितात!)

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षेप्रमाणें मानसिक छळासही बंदी केली. अल्पसंख्याकांच्या शाळांस तो कायदा लागू नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला खरा. पण त्याच्या आडोशास बसणें मिशनच्या शाळेस शोभत नाहीं. छडी आपण टाकली. परीक्षेचे गुण भर वर्गांत मोठ्यानें वाचण्याची चाल मात्र राहिली. ती बंद व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. उत्तरपत्रिका घडी घालून ज्याच्या त्याच्या हातीं द्यावी.

‘अशानें मुलें नाजूक होतील,’ असा आक्षेप शिक्षकांच्या खोलींत नेहमीं ऐकूं येतो. परंतु चारचौघांत लाजविलेलें मूल कणखर होत नाहीं, गप्प होतें. पुढें शंकाही विचारीत नाहीं. त्यास वाचावयाचा उतारा आदल्या दिवशीं सांगून ठेवावा. मग तेंच मूल उभें राहून सावकाश, पण न अडखळतां वाचतें.