योग आणि क्षेम

आषाढीस एस. टी. महामंडळ पंढरीसाठी जादा गाड्या सोडते, हे स्तुत्यच. परंतु वर्धेचा नित्याचा यात्रेकरू निराळा. शहराच्या एका अंगास सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, दुसऱ्या अंगास सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय. आजाऱ्यास घेऊन निघालेल्या म्हातारीस शहर आडवे ओलांडावयाचे असते. मध्येच गाडी बदलावी लागली की तिची निम्मी शक्ती फलाटावरच सरते! २०२२ साली पंचाहत्तरी उलटलेल्यांस मोफत प्रवास मिळाला, २०२३ साली स्त्रियांस निम्मे भाडे. अप्राप्ताची प्राप्ती तो योग, प्राप्ताचे रक्षण तो क्षेम, असा शास्त्रार्थ आहे. सवलत हा योग झाला. क्षेम मात्र थेट व वेळेवर येणाऱ्या फेरीत आहे. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेशी जुळणारी सेवाग्राम-सावंगी फेरी आधी निश्चित व्हावी.